मातीच्या किल्ल्याच्या तोफा

बाबांच्या तेराव्यानंतर त्यांची पेटी उघडली, तर तळाशी रुमालात बाण्याचं सूत गुंडाळायच्या सहा रिकाम्या कांड्या होत्या. त्यांना अजून कापडाच्या लूमच्या तेलाचा वास येत होता.

नव्वदच्या दशकातली, लिंबायत या लूम कामगारांच्या वस्तीतली ती दिवाळी. शाळेतून आणलेलं इतिहासाचं पुस्तक मी बाबांना मोठ्यानं वाचून दाखवत होते. लूमच्या खडखडाटानं त्यांना कमी ऐकू येई. युद्धात राजधानी वाचवायला लोकांनी शहराबाहेर मातीचा किल्ला उभारला आणि लढाई संपल्यावर तो मोडून पुन्हा शेतं केली, असं त्यात होतं.

"दगड फुटस, माती तोफना गोळा गिळी लेस," बाबा म्हणाले आणि पाळीला जाण्याआधी त्यांनी दारात तसाच किल्ला रचला.

मैत्रिणी हसल्या. "अगं, हा किल्ला की उकिरडा?" मी लाजेनं तो पायानं मोडला.

संध्याकाळी बाबा किल्ल्यावर तोफा म्हणून मांडायला खिशातून कांड्या घेऊन आले. सपाट मातीकडे बघत राहिले. मग हसून म्हणाले, "लढाई सरनी का, माय?"

मी "हो" म्हणाले. त्यांनी कांड्या परत खिशात ठेवल्या. त्या इतकी वर्षं जपल्या असतील, असं मला कधी वाटलंच नव्हतं.