राखेची परात

भिमीच्या घरातल्या परातीला वर्षभर पीठ लागलं नाही. भाकऱ्या थापायला तिने शेजारच्या सकुबाईची काठवट मागून आणली, आणि ती अजून परत केलेली नाही, हे सकुबाई आल्यागेल्याला सांगते. सांगणारच!

झालं असं. भिमीची रविना, सहा वर्षांची, अंगाने काडी आणि करणीने वानर. गेल्या जूनमध्ये, पहिलीत जायच्या आदल्या दिवशी बाईसाहेब जांभळावर चढल्या आणि पडल्या. पाय दोन ठिकाणी मोडला. त्यांचा पाडा वैशाखरे गावाजवळ, आणि शाळा ओढ्यापलीकडे; मोडक्या पायाने जाणार कशी? तेव्हा पहिली घरातच काढायची ठरली, आणि चौथीत शाळा सोडलेली भिमी मास्तरीण झाली.

चौथीत का सोडली, ते ती सांगत नाही. पण तिची वही चुकांभोवतीच्या लाल गोलांनी भरायची, आणि गुरुजी ती वही वर्गभर फिरवायचे. एक दिवस भिमी करवंदं काढायला म्हणून निघाली, ती शाळेत परत गेलीच नाही.

म्हणून रविनाला तिने वही दिलीच नाही. चुलीतली राख फडक्यातून चाळायची, परातीत पसरायची, बोटाने लिहायचं. चुकलं की परात हलवायची. गेली चूक!

"राखेत काय शिकवतेस गो?" सकुबाई दारातून विचारायची. "भांडी घासायला धाडायची का पोरीला?"

"तुमची काठवट घासायला धाडते की."

"आधी परत तर कर!"

होळीपर्यंत पोरगी विळा, ओढा, चिंच, सगळं लिहायला लागली. जांभूळ लिहिताना तेवढा पाय चोळायची.

यंदा शाळा उघडायच्या आधी साईनाथ सर घरी आले. नवे, तरुण, घामाघूम. ओटीवर बसून त्यांनी पाण्याचा तांब्या रिकामा केला आणि म्हणाले, "भिमीताई, मी पंधरा शब्द सांगतो. दहा आले तर हिला दुसरीत घेऊ. नाहीतर पुन्हा पहिली."

रविनाच्या बरोबरीची पाड्यावरची सगळी पोरं दुसरीत चाललेली. भिमीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

सरांनी कोरी वही आणि खिशातलं पेन दिलं. घर आलं. पाणी आलं. मग दूध. रविनाने लिहिलं, बघितलं, आणि तिलाच कळलं की चुकलंय. तिने वही दोन्ही हातांनी उचलली आणि गदागदा हलवली.

बघितलं. पुन्हा हलवली, जोरात.

दारात उभ्या सकुबाईने हसू दाबायला तोंडात पदर कोंबला. सर म्हणाले, "अगं, राहू दे, पुढचा लिही."

"ते जात नाय," रविना पुटपुटली. पेन खाली ठेवलं. "मला नाय लिहायचं."

भिमीने वही जवळ ओढली. वर्षभर ती पोरीला लाल गोलांपासून जपत होती. आणि जपता जपता शिकवलं काय, तर चूक दिसता कामा नये! लाल गोल न मारताही पोरगी तशीच भ्यायली होती, अगदी आईसारखी.

तिने पेन उचललं. सहीपलीकडे तिने कितीतरी वर्षांत कागदावर काही लिहिलं नव्हतं. रविनाच्या शब्दाखाली तिने दूध लिहिलं. आणि तिचंही चुकलं! मुद्दाम चुकली, असं सकुबाई अजून म्हणते. नाय हो, खरंच चुकली. समोर सर बघत होते, आणि वही हलवून काही होणार नव्हतं.

भिमीने त्या शब्दावर आडवी रेघ ओढली. शेजारी पुन्हा लिहिलं.

"बघ. ते राहू दे तिथंच. त्याच्या बाजूला नवा लिहायचा."

"सर ओरडत नाय?"

"विचार त्यांना."

"माझ्या हजेरीपुस्तकातली खोडाखोड बघशील तर हसशील," सर म्हणाले.

रविनाने पेन घेतलं. पुढच्या शब्दांत चार वेळा चुकली, आणि चारही वेळा जीभ बाहेर काढून अशी ऐटीत रेघ ओढली, की सरांना वाटलं ही रेघेसाठीच चुकतेय. खोडून पुन्हा लिहिलेले धरून अकरा आले.

सर वही पिशवीत टाकायला लागले, तशी भिमी म्हणाली, "ते पान माझ्याकडं राहू द्या ना."

आज ते पान चुलीजवळच्या भिंतीवर आहे, खोडलेल्या शब्दांसकट. परात घासून पुन्हा पिठात गेली. काठवट? ती अजून भिमीकडेच. सकुबाई ती मागायला म्हणून रोज येते, आणि भिमीजवळ पेन घेऊन लिहायला बसते.