उसाच्या फडातले शिंपले

नोकरीत मी खून पाहिले, दंगली पाहिल्या. पण खरी भीती वाटली ती एकदाच, तीही भर दुपारी, समुद्राकाठी. ती दुपार अजून मनातून जात नाही.

मी तेव्हा अक्कलकुव्याच्या बाजूला ठाणेदार होतो. डोंगरातल्या काठी गावची होळी नुकतीच झाली होती. होळीनंतर ठाण्यात दारूची भांडणं आणि हरवलेल्या मोटरसायकली एवढंच येतं. त्या सकाळी मात्र डोंगरातली एक बाई आली आणि पायरीवर बसून राहिली. तिला मराठी येत नव्हती. आमची महिला शिपाई त्याच भागातली होती, तिने विचारपूस केली.

"साहेब, हिचा नवरा गुजरातला कामाला गेलाय. होळीला आला नाही. ही म्हणते, तो जिवंत असेल तर कुणीतरी बांधून ठेवलाय."

ठाणे अंमलदार हसला. "येईल चार दिवसांनी. सगळे असेच करतात."

पण बाईने पुढे सांगितलं ते ऐकून मी खुर्चीत सरळ बसलो. नवऱ्याने नवस केला होता. होळीला बावा व्हायचं, अंगावर राखेची नक्षी काढायची, कमरेला घुंगरू बांधून नाचायचं, आणि ठरवलेली वर्षं पुरी होईपर्यंत खंड पडू द्यायचा नाही. डोंगरातला माणूस एक वेळ कोर्टाची तारीख चुकवील, पण हा नवस चुकवणार नाही. मी मिसिंग दाखल करून घेतली.

त्याला कामाला नेणारा मुकादम बाजारातच सापडला. साखर पेरून बोलणारा माणूस. चौकशीत म्हणाला, "सुरतकडे उसना फडवर सोडा त्याले. तो सोताच बोलना, साहेब, यंदा मी होळीले येत नही. मजामा शे तो."

इथेच तो फसला. नवसाचं त्याला माहीत नव्हतं. चौकशीत गप्प बसणं हे अर्धं काम असतं. मी बाहेर येऊन त्याच्या जीपभोवती फिरलो. खालचा पत्रा गंजाने खाल्लेला होता. चाकांच्या वरच्या खाचेत वाळू अडकली होती, म्हणून बोट घालून उकरली, तर वाळूबरोबर बारीक शिंपले हातात आले.

मी ते टेबलावर ठेवले. "उसाच्या फडात शिंपले पिकतात का रे?"

त्याचा चेहरा पडला. खाडीच्या तोंडाशी कोळंबीच्या तळ्यांवर माणसं दिल्याचं त्याने कबूल केलं. नेमकी कुठे ठेवली आहेत, ते मात्र सांगेना. "चला, दाखाडस," एवढंच म्हणाला. गुन्हा नोंदवला, अटक दाखवली, आणि आम्ही त्याला बेडी घालून निघालो.

तिकडच्या ठाण्याने एक गाडी आणि हवालदार दिला. डांबरी रस्ता संपला आणि वेड्या बाभळीतून नुसती वाळू सुरू झाली. त्यांची गाडी साधी होती, ती वाळूच्या तोंडाशीच रुतली. आमची चारही चाकांनी ओढणारी होती. आमच्या ड्रायव्हरने टायरची थोडी हवा सोडली आणि गाडी पुढे काढली. मागून तो हवालदार हात हलवून काहीतरी ओरडत होता. आम्हाला वाटलं, व्हा पुढे म्हणतोय.

वाळू इतकी भुसभुशीत की गाडी पोटावर चालल्यासारखी चालली होती. खाली पाण्याच्या बाजूला ओली, घट्ट, सपाट वाळू दिसत होती.

"साहेब, खाले घेऊ का? ती वाळू कडक शे. मी धानोराना शे, तापीनी वाळूमा गाडी चालाडेल शे." ड्रायव्हर म्हणाला.

मीही खानदेशातलाच. नदीत पाणी वाढतं ते वर पाऊस झाला तर, नाहीतर धरणातून सोडलं तर. आभाळ लख्ख कोरडं होतं. मी म्हणालो, "घे."

थोड्या वेळाने मागे पाहिलं तर मुकादमाला दरदरून घाम फुटला होता, आणि तो रस्त्याकडे नाही, पाण्याकडे पाहत होता. पुढची चाकं अचानक बसली. ड्रायव्हरने गती दिली तशी आणखी खोल गेली. आम्ही खाली उतरलो, तर वाळूतूनच पाणी पाझरत होतं.

"साहेब, पानी यी ऱ्हायनं! माले वाटनं, येळ शे आजून!" मुकादम किंचाळला.

"कुठून? पाऊस कुठाय?"

पाणी घोट्याला लागलं, बघता बघता गुडघ्याला. होळीची पौर्णिमा नुकतीच झालेली, त्या दिवसांत भरती मोठी येते, हे आम्हाला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच दिसत होतं की मागची वाट बुडाली आहे. घरची माणसं डोळ्यांपुढून गेली. मुकादम रडत बेडीचे हात वर करत होता. "त्या टेकाडवर चला! तठेच शेतस त्या मानसं! कुलूप लागत नही साहेब, पानीच राखन करस!"

मी बेडी काढली. तो पळेल हा विचार मनात आलाच नाही, आणि तोही पळाला नाही. त्याने माझा हात घट्ट धरला. मी ड्रायव्हरचा धरला. वाळू कुठे पाय धरते आणि कुठे सोडते, ते मुकादमाला ठाऊक होतं. छातीएवढ्या पाण्यातून आम्ही टेकाडावर चढलो.

वर एक झोपडी होती आणि तिच्यापुढे पांढराफटक, ठिपक्याठिपक्यांचा एक माणूस उभा होता. मी जागीच थिजलो. क्षणभर वाटलं, उशीर झाला, हे त्या बाईच्या नवऱ्याचं भूतच आहे.

तो लंगडत पुढे आला, मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, "साहेब, होळी पेटली?"

तळ्याच्या मालकाने खाडीत लावलेल्या जाळ्यांच्या राखणीला तिघांना तिथे टाकलं होतं. फोन काढून घेतले होते. ओहोटीला जीपमधून पिण्याचं पाणी यायचं. पाणी कधी येतं, कधी जातं, हे डोंगरातल्या माणसांना कोण सांगणार? बाकीचे दोघे झोपडीतच बसून राहिले, हा एकटा होळीच्या आदल्या दिवशी निघाला होता. लाटेने त्याला खडकावर आपटून परत फेकलं. मग होळीच्या पहाटे चुलीची राख अंगाला लावून, तो मोडक्या पायाने तिथेच नाचला.

"झाली होळी," मी म्हणालो. तो मटकन खाली बसला.

भरती उतरल्यावर तिकडचे पोलीस आले. तळ्याचा मालकही पुढे आत गेला. गाडीच्या इंजिनात खारं पाणी शिरलं, त्याचा खुलासा मात्र मला बराच काळ लिहावा लागला.

जन्मभर मी संशयितांना भीती घालून बोलतं केलं. मुकादमही पाण्याच्या भीतीनेच खरं बोलला, हे मान्य. पण त्याच भीतीच्या बळावर त्याने तिघांना बिनकुलपाचं कोंडलं होतं. माणसाला जे ठाऊक नाही, त्याच्याएवढा स्वस्त पहारेकरी दुसरा नाही. त्यानंतर माझ्या हाताखालच्यांना मी एकच सांगत आलो, अनोळखी मुलखात आधी तिथल्या माणसाला विचारा, आणि तो हात हलवत असेल तर थांबा.

त्या बाईच्या नवऱ्याला ठाण्यात आणलं तेव्हाही त्याच्या अंगावर राख तशीच होती, जागोजागी उडालेली. मी म्हणालो, "अरे, चोहीकडे पाणी होतं, धुतली का नाहीस?"

महिला शिपायाने विचारून सांगितलं, "साहेब, तो म्हणतो, नवसाची राख गावच्या पाण्यात उतरवायची असते. गावी नाही पोचलो तर तशीच राहू दे, म्हणजे बायकोला कळेल की मी नवस मोडला नव्हता."

बायको पायरीवर होती. ती रडली नाही. तिने त्याच्या दंडावरच्या एका ठिपक्यावर बोट ठेवलं, आपल्या भाषेत काहीतरी म्हणाली, आणि त्याला धरून गावच्या गाडीकडे चालू लागली.

मी शिपायाला विचारलं, काय म्हणाली?

"म्हणाली, चल, नदीला पाणी आहे."