इष्टलिंग हरवल्यावरचं जेवण

सुरतेत आमच्या खोलीमागं सगळ्यांची मिळून एकच मोरी आहे. अंघोळ करताना गळ्यातला दोरा तुटला आणि इष्टलिंग चांदीच्या डबीसकट उघड्या भोकातून खाली गेलं. मी खांद्यापर्यंत हात घातला. गाळ आणि केस लागले, बाकी काही नाही.

आम्हा लिंगायतांत लिंग लहानपणीच गळ्यात बांधतात. ते गेलं की माणूस मेल्यात जमा, असं ऐकत मोठा झालो. नववीत शाळा सुटलेली, त्यामुळं ऐकलं तेच माझं शास्त्र.

गावी नांदूरघाटला चुलत्यांना, आप्पांना फोन केला. बाप गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं.

"सापडंपर्यंत अन्नाला शिवायचं न्हाई. पानी बी न्हाई."

"आप्पा, कामावर जायचंय."

"मग जा की. मी तापात बी दुकान उघडतो. कुनाला सांगत बसतो का?"

खोटं नव्हतं ते. त्यांनी स्वतःला कधी सूट दिली नाही, मग देव तरी कशाला देईल?

उपाशीच कारखान्यात यंत्रमागावर उभा राहिलो. दुपारी एका सुताची दोन सुतं दिसू लागली. तुटलेला धागा जोडायला गेलो आणि फिरत्या पट्ट्यातून बोट कसंबसं वाचलं. माग सोडून बाहेर आलो. जेवलो तर देवाचं भ्या, नाही जेवलो तर हात जायचा.

शेवटी गावच्या जंगम स्वामींना फोन लावला. लिंग त्यांनीच बांधलेलं.

"शरणार्थ स्वामी. लिंग गेलं."

"सकाळधरनं काय खाल्लंस?"

"काईच न्हाई."

"कावून? आप्पानं सांगितलं आसंल! त्यो बायकोनं वाढलेल्या ताटातबी आदी चूक हुडकतो. जेव आदी. गावाकडं आलास की दुसरं बांधतो."

"पन शास्त्रात..."

"पोथी माज्याकडं हाय का तुज्याकडं? उपाशी पोराच्या गळ्यात मी काई बांधत न्हाई."

स्वामी घरोघर जेवतात. कुणाची चूल पेटली नाही, हे त्यांना आधी कळतं. पोथी आप्पांच्या घरीही तीच आहे.

गाड्यावर डाळ-भात घेतला. पहिला घास हातात धरून लई वेळ उभा होतो. मग खाल्ला. संध्याकाळपर्यंत मागावर हात नीट चालला.

स्वामींचे उपकार फिटायचे नाहीत. पण गावी जायला अजून धीर होत नाही. आप्पा उंबऱ्यातच विचारतील, "त्या दिशी जेवलास का?" त्यांच्यापुढं खोटं बोलायला मी शिकलेलो नाही.