आकाशरावाची बाई करणारी चंद्रव्वा

मैंदर्गीहून लग्न होऊन सोलापुरात आलेली चंद्रव्वा विडीच्या कारखान्यात माझ्या शेजारी बसायची. तिची दोन बोटं आखडलेली. आम्ही दिवसाला हजार विड्या वळायचो, तिच्या निम्म्याही होत नसत. पण जीभ अशी चालायची की आम्हा चाळीस बायकांची दुपार कधी सरली ते कळायचं नाही. म्हणून एक रीत पडली होती. तिनं गोष्ट सांगायची, आणि संध्याकाळी प्रत्येकीनं आपल्या सुपातल्या मूठभर विड्या तिच्या सुपात टाकायच्या. त्यावर तिचा हजार भरायचा आणि तिची जागा टिकायची.

गोष्ट एकच, आठ वर्षं चाललेली. माणूस चंद्रावर उतरला हे चहाच्या गाड्यावर रेडिओत ऐकलं, त्याच दिवशी तिनं सुरू केली. आकाशराव नावाचा बहाद्दर, गिरणीच्या बॉयलरएवढ्या यानात बसून ताऱ्या-ताऱ्यांवर फिरायचा. बाहत्तरच्या दुष्काळात तर तो पाण्यानं भरलेल्या ताऱ्यावर दोन महिने मुक्कामाला होता. आम्हीच त्याला तिथून हलू दिलं नाही.

सत्याहत्तरच्या उन्हाळ्यात एका दुपारी त्याचं यान आगीच्या ताऱ्यात शिरलं.

"यान तापून लाल झालं," चंद्रव्वा म्हणाली. "आकाशराव वितळला आन् नव्यानं ओतला गेला. दार उघडलं तर आतनं बाई आली. आठवण तीच, अक्कल तीच, अंग बाईचं. आता तिचं नाव आकाशव्वा."

विडीची पानं कापणाऱ्या चाळीस कात्र्या थांबल्या.

माळशिरसकडची गोजरबाई आमच्यात सगळ्यात तोंडाळ. ती म्हणाली, "अगं, येडी का खुळी तू? आन् त्याच्या नऊ राण्या ताऱ्यांवर वाट बघत बसल्यात, त्यांनी काय करायचं?"

"उठून कामाला लागायचं की. आठ वर्षं झाली, यव्वा. ह्यो जिथं उतरतो तिथं मला एक बाई उभी करावी लागती, ह्याला भाकरी वाढायला. ह्यो निघाला की ती रडणार. लई कंटाळा आला मला त्यांना रडवायचा. हिला सोताची भाकरी करता येती."

"मग आमाला न्हाय ऐकायची तुजी गोष्ट."

त्या संध्याकाळी तिच्या सुपात एकही मूठ पडली नाही. माझीही नाही. खोटं कशाला सांगू, आकाशराव मला आवडायचा. परक्या ताऱ्यावरच्या बाईलासुद्धा तो आधी विचारायचा, जेवलीस का म्हणून. आमच्या घरात असं विचारायची पद्धत नव्हती.

मुकादम मडिवाळप्पानं दुसऱ्या दिवशी तिचं सूप बघितलं. "एवढ्याच? आठवडाभर बघतो, चंद्रव्वा. मग जागा दुसरीला."

मी तिला हळूच म्हटलं, "अक्का, पुन्हा आगीत घाल आणि बाप्या करून बाहेर काढ. तुझ्याच हातात आहे की."

"बेड," ती कानडीत म्हणाली. नको म्हणजे नको. "आता कुटं बाहेर आलीया ती. मीच तिला परत जाळू?"

पाच दिवस ती कुणाकडे न बघता, आखडल्या बोटांनी विड्या वळत, बारीक आवाजात गोष्ट सांगत राहिली. आम्ही ऐकत नव्हतो. फक्त कात्र्या जरा आवाज न करता चालवत होतो.

सहाव्या दिवशी यान एका ओसाड ताऱ्यावर बंद पडलं. चंद्रव्वा म्हणाली, "आकाशव्वा खाली उतरली. वाकली. चाकात हात घातला..."

"पदर," गोजरबाई म्हणाली. मान खालीच.

"काय?"

"पदर अडकंल की चाकात. माज्या जावंचा गिरणीत असाच अडकला हुता. आदी कमरंला खोच म्हणावं."

"खोचला," चंद्रव्वा म्हणाली.

"बांगड्या वर सार म्हणावं."

"सारल्या."

कोपऱ्यातून रत्नम्मानं विचारलं, "इंजन बंद केलंय का तिनं आदी?" दुसरी म्हणाली, "सकाळपासनं उपाशी हाय ती. दोन घास खाऊन मग हात घाल म्हणावं." तिसरीला चाक कसं काढायचं ते ठाऊक होतं, तिचा नवरा सायकलवाला. आठ वर्षांत आकाशरावाला कुणी एक सल्ला दिला नव्हता. त्याला सगळंच यायचं. हिची मात्र चाळीस जणींना काळजी लागली.

बोलता बोलता गोजरबाईनं आपल्या सुपातली मूठ उचलून चंद्रव्वाच्या सुपात टाकली. "तुला न्हाय देत," ती म्हणाली. "तिला देतीया. यान चालू झालं पायजे."

मग सगळ्यांचे हात फिरले. माझा दुसरा.

हजार भरून वर उरल्या तेव्हा मडिवाळप्पा हसला. "आला वाटतं तुमचा आकाशराव परत?"

"न्हाय येत," गोजरबाई म्हणाली. "आन् त्याचं काय काम बी न्हाय हितं."

पुढं चंद्रव्वानं तीन वर्षं आकाशव्वाला फिरवलं. बावीस तारे झाले. त्यातले चार मी सुचवलेले. एका ताऱ्यावर सगळे बाप्ये भाकरी थापत बसलेले असतात, तो आपला म्हणून गोजरबाई गावभर सांगायची. तो माझा.