लोखंडाची उतरती रेघ

ह्यांनी निवृत्तीचा सगळा पैसा लोखंडाच्या शेअर्समध्ये घालून ठेवला होता. सगळाच्या सगळा. आमच्या म्हातारपणाला आधार काय तो तेवढाच, आणि माणूस तिथून हलायला तयार नाही! जन्म गेला पोलादाच्या प्लांटात, ब्लास्ट फर्नेसच्या भट्टीवर, तेव्हा विश्वास ठेवायचा तर लोखंडावरच, असा हट्ट.

बरं, बाजार बघायची त्यांची रीत तरी ऐका. संध्याकाळी कोहक्यातल्या आमच्या घराच्या गच्चीवर जायचं आणि प्लांटच्या बाजूला बघायचं. तिकडचं आभाळ लाल दिसलं की झालं. "फर्नेस चालू हाय ना? मंग शेअर कावून पडतीन?" असा हिशेब करणारे हे एकटेच नव्हते. फिरायला येणारी निम्मी रिटायर मंडळी हेच बोलायची. मला तर डोकं आपटून घ्यावंसं वाटे.

मी शाळेत गणित शिकवायची. नोकरी संपल्यावर फोनवरून रिलेटिव्ह स्ट्रेंथचा चार्ट वाचायला शिकले. त्यात अवघड काही नाही. लोखंडाच्या निर्देशांकाला सगळ्या बाजाराच्या निर्देशांकाने भागायचं आणि दर आठवड्याला येईल त्या उत्तराची रेघ काढत जायची. रेघ चढली म्हणजे लोखंड बाजाराच्या पुढे, उतरली म्हणजे मागे. भाव वाढत असतानाही रेघ उतरू शकते, कारण बाकीचे जास्त जोरात पळत असतात. मग पैसा मागे पडणाऱ्यातून काढायचा आणि पुढे जाणाऱ्याकडे न्यायचा. आमच्या लोखंडाची रेघ कितीतरी महिने उतरतच होती आणि औषध कंपन्यांची चढत होती.

हे यांना समजवायचं कसं? एकदा फिरताना मी थांबले आणि म्हटलं, "आपण दोघंही चालून राहिलो की नाही? पण मी पुढे अन् तुम्ही मागे. तुमच्या लोखंडाचं तसंच आहे."

"मी कायचा मागे? रोजच्यासारखाच चालून राहिलो."

"मंग मी इथं उभी राहून कोणाची वाट पाहून राहिली?"

हे हसले. मीही हसले, आणि हसता हसताच आठवलं. लग्नापासून हा माणूस माझ्या चार पावलं पुढे चालायचा. मी मागून ओरडायची, "अहो, गाडी सुटून राहिली का?" मग मी पुढे कधी गेले? माझा वेग काही वाढला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी ओढत डॉक्टरकडे नेलं. हृदय थकलंय, म्हणाले. गोळ्या दिल्या आणि दम लागेल इतकं भरभर चालायचं नाही असं बजावलं. वेळेवर आलात, असंही म्हणाले. घरी येऊन मी मोरीत नळ सोडून रडले.

हळू चाला म्हटलं की हे मुद्दाम जोरात निघायचे. शेवटी मीच म्हटलं, "गुडघा दुखून राहिला माझा." बस्स! हे तेव्हापासून पाऊल आवरून चालायला लागले. बाक दिसला की मला बसवायचे. "बस, घाई कायची?" असं वर मलाच सांगायचे. माझ्या गुडघ्याला काय धाड भरली होती!

चार्ट दाखवणं मात्र मी सोडून दिलं. भांडून त्यांचा श्वास वाढवायची माझी हिंमत नव्हती. रेघ उतरत होती आणि मी एकटीच फोनवर बघत होते.

एका संध्याकाळी गच्चीवर हे सहज म्हणाले, "लोखंड काढून टाकलं मी. सगळं."

मी वळून बघितलं. "कावून?"

"तुझा गुडघा बदलावा लागन ना. सुपेल्यात मेडिकलवाल्याले विचारलं. अशा कामाले पैसा मोकळा पाहिजे म्हणे."

अव माय! वर्षभर मी कपाळ फोडून घेतलं तेव्हा हा माणूस हलला नाही. प्लांटच्या बाजूला आभाळ चांगलं लालबुंद होतं. मी तिकडे बोट केलं. "फर्नेस तर चालू आहे की."

"ते चालूच राहीन," हे म्हणाले. "तू मागे पडून राहिली ना."

मी डोळे पुसले, त्यांच्या खांद्यावर हात टाकला आणि चांगली लंगडत जिना उतरले.