गोधडी आणि देऊळ

सकाळी त्र्यंबकेश्वराचं दर्शन उरकून आम्ही नाशिकला गोदाघाटावर आलो. घट बसायला दोन दिवस होते, आणि बायका घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायला नदीवर घेऊन आल्या होत्या. मला काठावरच्या काळ्या दगडी देवळाचा फोटो हवा होता. नेमकी समोरच्याच पायरीवर एक बाई गोधडी आपटत होती.

"मावशी, जरा बाजूला होता का? देऊळ नीट येत नाही."

तिचा हात थांबला नाही. "देवाला मी समोर चालते. तुमच्या फोटोला चालत नाही का, भाऊ? रिकामे असाल तर हे टोक धरा."

मी टोक धरलं. भिजलेली गोधडी एकट्याने पिळता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. पिळताना मनगटं भरून आली. नदीकाठी आलं की आम्ही दिवे आणि आरती शोधतो. पण नुसत्या बघ्यांसाठी कुणी पाण्यापर्यंत पायऱ्या बांधत नाही. ज्यांच्या अंथरुणांनी घरातली बाळंतपणं, आजारपणं सोसली, त्यांनीच त्या पायऱ्या झिजवल्या आहेत.

मग मी फोटो काढला, तिच्यासकट. आता तो दिवाणखान्यात लावलाय. येणारा प्रत्येकजण सुचवतो, "ती बाई काप ना त्यातून, देऊळ छान दिसेल."

नाही कापणार. देऊळ तिच्या मागे आहे, आणि माझ्या भिंतीवर ते मागेच राहील.