पट्टा चार बोटं कमी

"आगं, निऱ्या मागं! पुढं सपाट ठिवायचं. लुगडं हाय का ते?"

"मंग मला काय ठावं? बावीस वर्षं तुमी पलटणीत ह्यो घागरा नेसून वाजवत व्हता, मी हितं द्राक्षं छाटत व्हते."

"घागरा नाय, किल्ट म्हण."

पिंपळगाव बसवंतच्या धोंडीराम तात्यांचं आणि कुसाबाईचं हे भांडण सव्वीस जानेवारीच्या आदल्या दिवशीचं. तात्या फौजेच्या बँडात बॅगपाइप वाजवायचे. पेन्शनीवर आले, बाग धरली, आणि गेल्या वर्षापासून शाळेतल्या पोरींना बॅगपाइप शिकवू लागले. यंदा हेडमास्तरीणबाई म्हणाल्या, बँडच्या पुढं तुम्हीच चाला, पुऱ्या ड्रेसात. तात्यांनी ट्रंक उघडली. किल्टच्या अंगच्या वाद्या शेवटच्या भोकात कशाबशा बसल्या; पण वरून घालायचा रुंद काळा पट्टा चार बोटं कमी.

"ऱ्हाऊ द्या पट्टा. कोण बघतंय?"

"बकल वाकडं दिसलं तरी पोरींना लायनीतून भाईर काढतो मी. आता मीच बिगरपट्ट्याचा जाऊ? त्यापरीस जातच नाय."

पट्टा घेऊन तात्या बाजारात चंदरकडं गेले. चंदर बैलांच्या गळ्यातले घुंगरांचे पट्टे शिवतो. त्यानं आधी पट्टा मापला, मग तात्यांचं पोट.

"मागून तुकडा जोडतो. बैलाच्या पट्ट्यातला हाय, तुटायचा नाय."

"बैलाचं मला घालतो व्हय रं?"

"बैलाला येवढं लागत नाय, तात्या."

जोड पाठीमागं लपला, बकल बरोबर बेंबीवर आलं.

सकाळी तात्यांनी पट्ट्याखाली चार बोटं सोडून साखळीची केसाळ पिशवी पुढं लटकवली. पलटणीत तिला स्पोरन म्हणत. कुसाबाई चंची म्हणते. मैदानावर वारं सुटलं होतं. तात्या बॅगपाइपची नळी पुसत असताना कुसाबाईनं खाली वाकून किल्टचे दोन पदर पुढं एकावर एक येतात तिथं कडेला मोठी पिन नीट लावून दिली.

शिट्टी झाली. तात्यांनी गुडघा उचलला आणि जागीच अडखळले. मागच्या पोरी तोंड दाबून हसल्या.

"कुसे! दोन्ही पदरांतून टोचलीस व्हय पिन?"

"मंग? वाऱ्यानं उडालं म्हंजी? लुगड्याला तसंच टोचतो आमी."

"आगं, ही धरायला नसती, वजनाला असती! नुसती वरच्या पदराला लावायची."

कुसाबाईनं पिन काढली, वरच्याच पदराला लावली आणि मागं सरली. तात्यांनी बॅगपाइपच्या पिशवीत हवा भरली. मग मैदानाला पुरा फेरा झाला. पट्टा हलला नाही, किल्ट उडाला नाही, आणि पोरींचं एकही पाऊल चुकलं नाही. हेडमास्तरीणबाईंनी जिलेबीचा पुडा हातात दिला. तात्यांनी तो तिथंच पोरींना वाटला, स्वतः दोन खाल्ल्या.

"खा अजून," कुसाबाई म्हणाली. "फुडल्या साली चंदरला अख्खा बैलाचा पट्टा आणाया सांगते."

दहाला दोघं बागेत. किल्ट ट्रंकेत गेला, तात्या जुन्या लुंगीवर आले. उन्हानं मणी गुलाबी पडू नयेत म्हणून घडांना कागद गुंडाळायचे होते, अजून सहा ओळी बाकी होत्या. कुसाबाईनं पहिल्या घडाला कागद लपेटला, स्टेपलर हातात घेतला आणि थांबली.

"ह्याला तरी दोन्ही पदरांतून टोचू का?"

"टोच," तात्या म्हणाले, आणि पुढचा घड हातात धरला.